बीबीसीतून आयटीव्हीत, दूरदर्शनमधून स्टारमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक वाहिनीतला एखादा मोठा साहेब उठून थेट खासगी स्पर्धकाकडे गेला की दरवेळी तेच प्रश्न येतात, पगार किती मिळाला, आतली माहिती नेली का, कायदा झोपला होता का, आणि शेवटी कुणीतरी विचारतंच की आपल्याकडे असं झालंय का. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बरीचशी उत्तरं मायकल ग्रेड या एका माणसाभोवती फिरतील, कारण बीबीसीचा अध्यक्ष सरळ आयटीव्ही या ब्रिटनमधल्या खासगी, जाहिरातींवर चालणाऱ्या स्पर्धकाचा अध्यक्ष होतो याच्याइतकी थेट केस दुसरी नाही. आणि मग दूरदर्शनमधून स्टारमध्ये गेलेले आपले रथीकांत बसू आहेतच.

ग्रेड प्रकरणात नेमकं झालं काय होतं?

तारीख २८ नोव्हेंबर २००६. ग्रेड यांनी बीबीसीचं अध्यक्षपद सोडलं आणि ते आयटीव्हीचे एक्झिक्युटिव्ह चेअरमन होणार हे त्याच दिवशी जाहीर झालं. ८ जानेवारी २००७ ला ते नव्या खुर्चीत बसले पण. मधे जेमतेम सहा आठवडे, त्यातही ख्रिसमस.

आता हे सहा आठवडे कुठले होते ते बघा म्हणजे लोक का चिडले ते कळेल. १ जानेवारी २००७ पासून बीबीसीचं जुनं गव्हर्नर मंडळ जाऊन त्या जागी बीबीसी ट्रस्ट येणार होता आणि त्याचे पहिले अध्यक्ष ग्रेडच असणार होते. शिवाय पुढच्या सहा वर्षांची लायसन्स फी, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या घरांनी भरायची वर्गणी, किती वाढणार याची सरकारशी बोलणी शेवटच्या टप्प्यात होती, म्हणजे बीबीसीचा अख्खा संसार ज्या पैशावर चालतो तोच पैसा. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची बोलणी सहीपर्यंत आलेली असताना चेअरमननी राजीनामा द्यावा आणि शेजारच्या सोसायटीची फाइल काखेत मारावी, तसं काहीसं.

पण चेअरमन काही कार्यक्रम बनवत नाही, मग एवढा गहजब कशाला?

बरोबर आहे, रोजचा कारभार डायरेक्टर जनरल बघतो, तेव्हा मार्क थॉम्पसन होते. चेअरमन म्हणजे लायसन्स फी भरणाऱ्या जनतेचा माणूस, डायरेक्टर जनरल निवडायचा, त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि सरकारने फार दाबलं तर मधे उभं राहायचं.

आणि ग्रेड कोणत्या परिस्थितीत आले होते ते विसरू नका. जानेवारी २००४ मध्ये हटन चौकशीचा अहवाल आला, इराक युद्धाच्या एका बातमीवरून बीबीसीला झोडपलं गेलं, २८ तारखेला चेअरमन गॅव्हिन डेव्हिस गेले आणि २९ ला डायरेक्टर जनरल ग्रेग डाइक. दोन दिवसांत वरच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. त्या वेळी घर सावरायला ज्यांना आणलं ते हे ग्रेड. स्टाफचा जीव होता त्यांच्यावर, कारण हा माणूस नुसता फायलीवाला नव्हता, टेलिव्हिजनवाला होता. त्यामुळे रागात थोडं दुखावलेपण पण होतं, ते आकड्यांत सापडत नाही.

पैशासाठीच गेले ना?

पैसा होताच. बीबीसीचं अध्यक्षपद पार्ट-टाइम, वर्षाला लाख पौंडाच्या आत. आयटीव्हीत मूळ पगारच ८ लाख पौंडांच्या वर आणि त्यावर बोनस, शेअर्स वेगळे. एवढा फरक असताना "पैशाचा संबंध नाही" म्हणणं म्हणजे जरा जास्तच.

पण तेवढंच म्हणून सोडून देणं पण आळशीपणा आहे. ग्रेड घराण्याचं मुळ आयटीव्हीत. काका लू ग्रेड हे एटीव्हीचे संस्थापक, म्हणजे १९५५ मध्ये आयटीव्ही सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या कंपन्यांपैकी एक. स्वतः मायकल आधी डेली मिररमध्ये क्रीडा पत्रकार, मग १९७० च्या दशकात लंडन वीकेंड टेलिव्हिजन या आयटीव्हीच्याच कंपनीत कार्यक्रमप्रमुखापर्यंत चढले. १९८४ मध्ये बीबीसी वनचे कंट्रोलर, म्हणजे त्या चॅनेलचे प्रमुख झाले. नव्या ट्रस्टच्या रचनेत चेअरमन कार्यक्रमांपासून आणखी लांब जाणार होता, आणि मला पुन्हा प्रत्यक्ष चालवायला हवंय, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. ज्याने आयुष्यभर कुठला कार्यक्रम किती वाजता लावायचा यावर रात्री घालवल्या त्याला कमिटीचे कागद वाचत बसवलं तर तो किती दिवस टिकणार. पैसा आणि खुर्ची, दोन्ही ओढत होते.

त्यांनी बीबीसी सोडायची ही पहिलीच वेळ होती का?

नाही. १९८७ मध्ये पण सोडली होती, चॅनेल फोरचे चीफ एक्झिक्युटिव्ह व्हायला, आणि तिथे १९९७ पर्यंत होते. फक्त चॅनेल फोर म्हणजे पूर्ण खासगी नाही, मालकी सार्वजनिक आणि पोट जाहिरातीवर. त्यामुळे तेव्हा कुणी गद्दार वगैरे म्हणायची गरज नव्हती.

कायद्याने अडवता आलं नसतं का?

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला मुद्दा हाच आहे, बाकी सगळी गॉसिप.

बीबीसीचा चेअरमन हा बीबीसीचा नोकर नसायचा. नेमणूक सरकारच्या सल्ल्याने राजघराण्याच्या नावाने, म्हणजे सार्वजनिक पद. आता नोकर नाही म्हटल्यावर नोकराच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये जे असतं, तीन महिने नोटीस, सहा महिने गार्डनिंग लीव्ह म्हणजे पगार घ्या पण घरी बसा आणि स्पर्धकाकडे जाऊ नका, त्यातलं काही त्या पदाला चिकटलेलंच नव्हतं. का नव्हतं? तर या वयाचा, या मानाचा माणूस इथून उठून आयटीव्हीत जाईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. चेअरमनपद म्हणजे कारकिर्दीचं शेवटचं स्टेशन, त्यानंतर हाउस ऑफ लॉर्ड्स, आत्मचरित्र आणि चॅरिटीची अध्यक्षपदं, अशी सगळ्यांची समजूत.

ब्रिटनमध्ये मंत्री आणि वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांनी खासगी नोकरी धरण्याआधी ज्या सल्लागार समितीला विचारायचं असायचं, लोक तिला अकोबा म्हणत, ती होतीच की. पण बीबीसी म्हणजे सरकारी खातं नाही, त्यामुळे बीबीसीवाले तिच्या कक्षेत येत नव्हते. म्हणजे गंमत बघा, सरकारपासून स्वतंत्र राहायचं म्हणून सरकारी नियमही लागू नाहीत, आणि चेअरमन नोकर नाही म्हणून कंपनीचे नियमही लागू नाहीत. दोन्ही बाजूंनी दार उघडं.

याच्या शेजारी जे हंट यांची गोष्ट ठेवा. त्या बीबीसीत दिवसाच्या कार्यक्रमांच्या प्रमुख होत्या, २००७ मध्ये चॅनेल फाइव्हला गेल्या, आणि काही महिन्यांतच, डिसेंबर २००७ मध्ये, बीबीसी वनच्या कंट्रोलर म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं. पण कामावर रुजू कधी झाल्या? मे २००८. म्हणजे छोट्याशा चॅनेल फाइव्हकडून सुटून यायला पाच महिने लागले आणि बीबीसीचा अख्खा चेअरमन सहा आठवड्यांत पलीकडे. म्हणून ग्रेडना शिव्या घालण्यात मला फारसा रस नाही. ज्यांनी ते नेमणुकीचे कागद तयार केले त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नाही.

आतली माहिती नेली असेलच की?

डोक्यातली माहिती काढून दारावर जमा करता येत नाही, त्यामुळे नेलीच. पण कुठली, ते बघू.

ज्याची लोकांना भीती वाटते ती माहिती, म्हणजे शनिवारी संध्याकाळी कुठला शो येणार, कुठल्या स्टारशी बोलणी चालू आहेत, ती फार लवकर शिळी होते आणि चेअरमनपर्यंत तपशिलात पोचत पण नाही. चेअरमनला माहीत असतं ते पाच-सहा वर्षांचं गणित, पैसा नाही मिळाला तर काय कापणार, डिजिटलमध्ये कुठे उडी मारणार, सरकारपुढे कुठल्या मुद्द्यावर नमणार. हे खरं किमती.

आणि इथे एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. बीबीसी आणि आयटीव्ही प्रेक्षकांसाठी भांडतात, पैशासाठी नाही. बीबीसी ब्रिटनमध्ये जाहिरात घेत नाही, तिला लायसन्स फी, २००६ मध्ये घरटी १३१.५० पौंड; आयटीव्हीला जाहिराती. दोघांची ताटं वेगळी. उलट बऱ्याच ठिकाणी ते भागीदार. फ्रीव्ह्यू या फुकट डिजिटल टीव्ही सेवेत दोघं, २००८ मध्ये आलेलं फ्रीसॅट, म्हणजे तसंच पण सॅटेलाइटवरून, हे तर बीबीसी-आयटीव्हीचं जोडीचं काम, आणि कांगारू नावाची ऑनलाइन व्हिडिओची योजना होती त्यात बीबीसीची व्यावसायिक शाखा, आयटीव्ही आणि चॅनेल फोर तिघं एकत्र, ती फेब्रुवारी २००९ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने अडवली. म्हणजे ग्रेड टेबलाच्या या बाजूने उठून त्या बाजूला बसले, टेबल तेच.

मग आयटीव्हीचं भलं झालं का?

नाही हो. आणि हे सांगायला मला आवडतं कारण सगळे धरून चालतात की पब्लिक वाहिनीचा मोठा माणूस पळवला म्हणजे जिंकलं.

ग्रेड आले तेव्हाच आयटीव्ही घायाळ होतं. आयटीव्हीचे चीफ एक्झिक्युटिव्ह चार्ल्स ॲलन यांनी ऑगस्ट २००६ मध्येच जायचं जाहीर केलेलं, जाहिरातीचं उत्पन्न घसरत होतं, केबलवाली एनटीएल विकत घ्यायला टपलेली, आणि १७ नोव्हेंबर २००६ ला मर्डोक यांच्या स्कायने ९४ कोटी पौंड मोजून १७.९ टक्के शेअर्स उचलले, एनटीएलचा रस्ता बंद. ग्रेडची घोषणा त्यानंतर अकराव्या दिवशी. म्हणजे बोर्डाला गुपितं नको होती, त्यांना असा चेहरा हवा होता की ज्याच्याकडे बघून गुंतवणूकदार आणि स्टाफ दोघं जरा श्वास घेतील.

चेहरा मिळाला, पुढे नशीब आडवं आलं. २००७ मध्ये फोन-इन घोटाळा फुटला. प्रेक्षक पैसे भरून फोन करत होते, मतं देत होते, स्पर्धेत भाग घेत होते, आणि ती मतं, तो सहभाग मोजलाच जात नव्हता किंवा निकाल आधीच ठरलेला असायचा. आयटीव्हीने डेलॉइट या ऑडिट कंपनीकडून तपासणी करून घेतली तर ७८ लाख पौंडांच्या फोनकॉल्सचा हिशोब निघाला, आणि मे २००८ मध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉमने ५६ लाख पौंडांच्या वर दंड ठोकला. हे बहुतेक ग्रेड येण्याआधीचं पाप, पण उत्तरं द्यायला खुर्चीत हेच.

मग २००८ ची मंदी. जाहिराती आटल्या. २००८ च्या वर्षाचा तोटा २.७ अब्ज पौंड दाखवावा लागला, त्यातला मोठा भाग जुन्या खरेद्यांची किंमत पुस्तकात खाली आणण्याचा, आणि सोबत ६०० जणांच्या नोकऱ्या. आधीच्या साहेबांच्या काळात १२ कोटी पौंडांना घेतलेली फ्रेंड्स रियुनायटेड ही वेबसाइट, आपल्याकडच्या ऑर्कुटसारखी जुने शाळामित्र शोधायची, २००९ मध्ये अडीच कोटींना विकली. कार्लटन आणि ग्रॅनाडा या कंपन्या एकत्र होऊन आजची आयटीव्ही बनली तेव्हा जाहिरातदारांच्या संरक्षणासाठी घातलेली एक अट होती, प्रेक्षक घटले तर जाहिरातदार पैसे कमी करू शकतो, ती अट काढून टाकायला ग्रेड यांनी जंग जंग पछाडलं, ती काही निघाली नाही. २००९ संपताना ते बाहेर.

सांगायचं म्हणजे त्यांना बीबीसीची आतली माहिती शंभर टक्के होती असं धरलं तरी यातल्या एकाही संकटावर त्या माहितीचा काडीचा उपयोग नव्हता.

बीबीसीचं काय नुकसान झालं?

सगळ्यात सरळ नुकसान म्हणजे ऐन वेळी घरात मोठं कुणी नाही. नवा ट्रस्ट सुरू झाला तो कार्यवाहक अध्यक्षांवर. त्या होत्या चित्रा भरुचा, मूळच्या भारतातल्या, उत्तर आयर्लंडमध्ये रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टर. कायमचे अध्यक्ष सर मायकल लायन्स मे २००७ मध्ये आले.

त्याआधीच १८ जानेवारीला लायसन्स फीचा निकाल लागलेला. बीबीसीने मागितलं होतं महागाई अधिक १.८ टक्के, मिळालं पहिली दोन वर्षं ३ टक्के आणि पुढे २ टक्के, म्हणजे महागाईच्या खालीच. ग्रेड असते तर जास्त मिळालं असतं का? मला नाही वाटत, तिजोरी गॉर्डन ब्राउन यांच्याकडे होती आणि ते काही कुणाच्या करिश्म्यावर भाळणारे गृहस्थ नव्हेत. पण शेवटच्या दोन महिन्यांत आपला मुख्य माणूसच मैदान सोडून गेल्यावर समोरच्याला काय संदेश गेला असेल, ते वेगळं सांगायला नको.

उलटं होतं का, खासगीतून सार्वजनिकमध्ये?

सर्रास. आणि तेव्हा कुणी बोंब मारत नाही हे विशेष.

सगळ्यात गाजलेलं १९६७ चं. लॉर्ड हिल हे व्यावसायिक टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष होते, पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी त्यांना उचलून बीबीसीचं अध्यक्ष केलं. बीबीसीत सुतक. तिथे तेव्हा ह्यू ग्रीन डायरेक्टर जनरल, मोकळा कारभार, राजकारण्यांची टर उडवणारे कार्यक्रम, आणि विल्सनना तेच बोचत होतं असं सगळे मानतात. ग्रीन १९६९ मध्ये गेले.

नंतर तर लंडन वीकेंड टेलिव्हिजन ही बीबीसीसाठी नर्सरीच झाली. जॉन बर्ट तिथले, १९९२ ते २००० डायरेक्टर जनरल. ग्रेग डाइक तिथले, २००० ते २००४. ग्रेड पण तिथलेच. थॉम्पसन हे बीबीसीचेच, पण २००२ मध्ये चॅनेल फोरला जाऊन २००४ मध्ये परत आले. पॉल फॉक्स १९७३ मध्ये बीबीसी वन सोडून यॉर्कशायर टेलिव्हिजनला गेले आणि १९८८ मध्ये बीबीसी टेलिव्हिजनचे मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून परत. त्या सगळ्या धंद्यात वरची माणसं मोजकीच, तीच फिरत राहतात, एकमेकांच्या लग्नाला जाणारी माणसं सगळी.

साहेब गेला की प्रेक्षक पण जातात का?

साहेबामागे कुणी जात नाही, अहो लोकांना नावच माहीत नसतं. निवेदकामागे जातात. केन ब्रूस हे बीबीसी रेडिओ टूचे सकाळचे निवेदक, आठवड्याला ८० लाखांच्या वर श्रोते. २०२३ मध्ये त्यांनी ग्रेटेस्ट हिट्स रेडिओ या खासगी स्टेशनला जायचं जाहीर केलं, तर बीबीसीने त्यांना ठरल्या तारखेच्या तीनेक आठवडे आधीच, ३ मार्चला, माइकवरून उठवलं. पुढच्या तिमाहीच्या आकड्यांत रेडिओ टूचे साधारण १० लाख श्रोते कमी. सकाळी गाणी लावणाऱ्या माणसाच्या बाबतीत एवढी खबरदारी आणि २००६ मध्ये चेअरमनच्या बाबतीत काहीच नाही.

आपल्याकडे असं झालंय का?

झालंय आणि ते जास्त मसालेदार आहे. रथीकांत बसू, आयएएस अधिकारी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत दूरदर्शनचे महासंचालक. काळ आठवा. १९९१ मध्ये स्टार आकाशातून आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झालं, गल्लीगल्लीत केबलवाल्यांनी गच्च्यांवर थाळ्या लावल्या, आणि मंडी हाउसमध्ये, म्हणजे दूरदर्शनच्या दिल्लीतल्या मुख्यालयात, पहिल्यांदाच स्पर्धा म्हणजे काय ते कळलं. त्याला उत्तर म्हणून दूरदर्शनने १९९३ मध्ये महानगरांचे दुसरे चॅनेल सॅटेलाइटने जोडून मेट्रो उभा केला, बाहेरच्या निर्मात्यांना घेतलं, सिनेमा-गाणी-मालिकांवर भर दिला. ही लढाई ज्यांनी लढवली त्यात बसू पुढे होते. आणि १९९६ मध्ये तेच स्टारचे भारतातले प्रमुख झाले. त्यांच्या मागोमाग दूरदर्शनमधले आणखी काही वरिष्ठ पण गेले.

ग्रेडपेक्षा हे वेगळं कसं?

दोन कारणांनी, आणि दोन्ही ब्रिटनमध्ये नसलेली.

पहिलं, दूरदर्शन १९७६ पासून जाहिराती घेतं. म्हणजे स्टार आणि दूरदर्शन प्रेक्षकासाठी पण भांडत होते आणि त्याच साबणवाल्या, टूथपेस्टवाल्या कंपन्यांच्या पैशासाठी पण. दूरदर्शनचा रेट कसा ठरतो, कुठल्या स्लॉटला कोण किती देतो हे आतून बघितलेला माणूस तिकडे जाणं म्हणजे खरोखरच धंद्याचा मामला.

दुसरं, १९९६ मध्ये प्रसार भारती, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणारी स्वायत्त संस्था, कागदावरच होती. कायदा १९९० चा, अंमल १९९७ मध्ये. तोपर्यंत दूरदर्शन म्हणजे माहिती व प्रसारण मंत्रालयाचं खातं. म्हणजे जो स्पर्धक तोच नियम करणारा, आणि नियम करणाऱ्यांच्या बैठकीत बसलेला अधिकारी स्टारमध्ये, म्हणजे मर्डोक यांच्या कंपनीत. स्टारला तेव्हा डीटीएच आणायचं होतं, आयस्कायबी नावाने, थेट घरावर छोटी डिश. त्यासाठी सरकार-दरबार ओळखणारा माणूस हवा, हे हिशोब लोकांनी तेव्हाच मांडले.

आणि झालं काय? जुलै १९९७ मध्ये सरकारने अधिसूचना काढून डीटीएचवरच बंदी घातली. स्टारची सगळी तयारी पाण्यात. परवानगीचं धोरण आलं २००० च्या शेवटी आणि पहिली खासगी सेवा डिश टीव्ही २००३ मध्ये, ती पण झीवाल्यांची. दूरदर्शनचा माजी महासंचालक पदरी असून दिल्ली हलली नाही, कदाचित असल्यामुळेच जास्त सावध झाली असेल, हा माझा अंदाज.

बसूंचा मराठीशी काय संबंध?

आहे ना, तारा मराठी! स्टारमधून बाहेर पडल्यावर बसूंनी स्वतःची कंपनी काढली आणि २००० च्या सुमाराला तारा नावाने प्रादेशिक चॅनेल आणले, बांगला, मराठी, गुजराती, पंजाबी. ज्यांना तो काळ आठवतो त्यांना आठवेल, १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं, २००० मध्ये ईटीव्ही मराठी, मुंबई दूरदर्शनच्या मराठी चॅनेलला सह्याद्री नाव मिळालं ते पण तेव्हाच, आणि या गर्दीत तारा. आमच्याकडे केबलवाल्याने तारा कुठल्यातरी टोकाच्या नंबरवर टाकलेला, चित्राला मुंग्या, आवाजात खरखर, आणि तक्रार केली तर म्हणायचा जुना टीव्ही आहे तुमचा, नवीन घ्या, मी काय करू. तेव्हा सगळं ॲनालॉग, केबलवर जागा मोजकी, पहिल्या दहा-बारा नंबरांत दिसलात तर तुम्ही चॅनेल, नाहीतर नुसतं नाव. अल्फाच्या मागे झीचं वितरण, ईटीव्हीच्या मागे रामोजी रावांचं साम्राज्य, ताराच्या मागे असं घराणं नव्हतं. काही वर्षांत मराठी तारा विझला, बांगला तेवढा बराच टिकला.

प्रादेशिक भाषांत पैसा आहे हे बसूंना लवकर कळलं होतं, ते मान्य करायला हवं. स्टारचं स्वतःचं मराठी चॅनेल, प्रवाह, यायला २००८ उजाडलं.

भारतात कूलिंग-ऑफचा नियम आहे का?

आहे. आयएएस असो की केंद्राच्या गट अ मधला पेन्शनवाला अधिकारी, निवृत्तीनंतर ठरावीक काळात खासगी नोकरी धरायची तर सरकारची आधी परवानगी लागते. पूर्वी हा काळ दोन वर्षं होता, आता एक वर्ष केलाय. परवानगी देणारं सरकारच, त्यामुळे नियम किती कडक हे त्या दिवशी वर कोण बसलंय यावर.

पण हा नियम पेन्शनच्या खुंटीला टांगलेला आहे. प्रसार भारतीत सगळे काही बाबू नसतात, शशी शेखर वेम्पती २०१७ मध्ये सीईओ झाले ते आयएएस नसलेले पहिलेच. ज्याला सरकारी पेन्शनच नाही त्याला तुम्ही पेन्शनच्या नियमाने कसं धरणार, ते कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून घ्यावं लागतं. आणि खालचे शेकडो निर्माते, संपादक, निवेदक कॉन्ट्रॅक्टवर, ते आज इथे उद्या तिथे, त्यांना अडवूही नये, पोटाचा प्रश्न आहे.

मग किती महिने थांबवावं, तुमच्या मते?

अध्यक्ष, सीईओ, महासंचालक या पातळीला सहा महिने ते वर्ष. पण पगार देऊन! फुकट घरी बसवायचं म्हणाल तर चांगला माणूस ते पद घेणारच नाही आणि मग उरतील फक्त निवृत्त झालेले नाहीतर आधीच गब्बर असलेले. आणि अट नेमणुकीच्या दिवशी कागदावर हवी, माणूस निघाल्यावर नैतिकतेचं भाषण देऊन काही होत नाही. त्याखालच्या लोकांना साधी नोटीस पुरे.

बीबीसीतून ग्रेडच्या मागे कोणी गेलं का?

पीटर फिंचम, पण ते तसं मागे जाणं नव्हे. ते बीबीसी वनचे कंट्रोलर, राणीवरच्या एका माहितीपटाचा ट्रेलर उलटसुलट जोडला गेला, त्यात राणी रागावून निघून जातेय असं दिसलं आणि प्रत्यक्षात तसं काही नव्हतं, त्या भानगडीत ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांना जावं लागलं. २००८ मध्ये ग्रेड यांनी त्यांना आयटीव्हीचं टेलिव्हिजन प्रमुख केलं आणि ते २०१६ पर्यंत तिथे राहिले. ग्रेड यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात टिकाऊ काम बहुतेक हेच, आणि त्यासाठी पण बीबीसीची गुपितं लागली नाहीत, बीबीसीची चूक लागली. त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या त्या वर सांगितलेल्या जे हंट, ज्या पुढे चॅनेल फोर करून २०१८ मध्ये ॲपलला गेल्या.

ग्रेड पुढे काय झाले?

२०११ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून लॉर्ड्समध्ये गेले. २०१७ मध्ये बीबीसी ट्रस्ट बरखास्त झाला आणि बीबीसीवर देखरेखीचं काम ऑफकॉमकडे आलं, जे आयटीव्हीवर आधीपासूनच देखरेख करत होतं. आणि २०२२ मध्ये त्याच ऑफकॉमचे अध्यक्ष म्हणून सरकारने नेमले, मायकल ग्रेड.